काचेवरचा गुलाबी डाग

गोड्या पाण्यातले मासे पाळणाऱ्या माणसाला काचेवर शेवाळ दिसले की तो ब्लेड घेऊन खरवडायला बसतो. समुद्राच्या पाण्याची पेटी ठेवणारा माणूस मात्र काचेवरच्या एका विशिष्ट डागाची महिनोन्महिने वाट पाहत असतो. हा डाग आधी मोहरीएवढा असतो, मग मसुराएवढा होतो, पुढे रुपयाएवढा. रंग फिकट गुलाबी ते जांभळट. बोटाने पुसून तो निघत नाही. ब्लेड लावले तर खडूसारखी कुरकुर ऐकू येते आणि पापुद्रे सुटतात. हा डाग म्हणजे कोरलाइन शैवाल. ते वनस्पतीसारखे प्रकाशसंश्लेषण करते आणि प्रवाळासारखे स्वतःभोवती चुनखडी साचवते. पेटीत ते आपणहून पसरू लागले, की पाणी खऱ्या अर्थाने समुद्रासारखे झाले असे जाणकार समजतात.

अंबरनाथला एमआयडीसीलगत राहणाऱ्या एका शिक्षकमित्राने शाळेच्या प्रयोगशाळेत शंभर लिटरची अशी पेटी मांडली आहे. आठ महिने झाले तरी डाग येईना. कोणीतरी सांगितले की कॅल्शियम कमी पडत असेल. त्याचा एक माजी विद्यार्थी जवळच्याच कारखान्यात कामाला आहे. 'कॅल्शियम क्लोराइडची अर्धी गोणी आणून देतो, सर,' असे तो म्हणाला. 'टाकू का?' असे मित्राने मला विचारले. उत्तर 'नको' असेच होते; पण 'का नको' हे सांगताना अकरावी-बारावीचे निम्मे रसायनशास्त्र पुढ्यात आले. तेच इथे मांडतो.

वनस्पती की प्राणी?

या जीवाने शास्त्रज्ञांनाही बराच काळ फसवले. अठराव्या शतकात लिनियसने त्याची गणना प्राण्यांत केली होती. दगडासारखे कडक, प्रवाळाच्या शेजारी वाढणारे, मग ते झाड कसे असेल? १८३७ साली फिलिपी या जर्मन निसर्गअभ्यासकाने ते निःसंशय वनस्पती असल्याचे दाखवले आणि 'लिथोफायलम', म्हणजे 'दगडी पान', असे समर्पक नाव एका प्रजातीला दिले. आज आपण त्यांना लाल शैवालांच्या गटात ठेवतो. काही जाती कांडी जोडल्यासारख्या झुबक्यांनी वाढतात. अँफिरोआ आणि जानिया या त्यांतल्या. आपल्याला इथे हव्या आहेत त्या दगडाला रंग फासल्यासारख्या चिकटून पसरणाऱ्या जाती.

त्यांचा लाल-गुलाबी रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याचा. समुद्रात खोल जाताना सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. उरतो तो निळा-हिरवा प्रकाश. फायकोएरिथ्रिन नेमका तोच टिपते. त्यामुळे या शैवालांना अंधुक प्रकाशही पुरतो. १९८४ साली बहामा बेटांजवळ लिटलर दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २६८ मीटर खोलीवर, जिथे पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा दोन लाखांतला एखादा हिस्साच पोहोचतो, तिथे खडकाला चिकटलेले असेच लाल कवचशैवाल जिवंत सापडले. पेटीवर आणखी एक ट्यूब बसवली म्हणजे डाग लवकर येईल ही समजूत त्यामुळे फारशी खरी नाही. भडक उजेडाचा फायदा आधी हिरव्या केसाळ शेवाळाला होतो आणि ते गुलाबी डागांना झाकून टाकते. पहिले डाग पुष्कळदा पंपाच्या प्लॅस्टिकवर, मागच्या काचेवर, दगडाच्या सावलीच्या बाजूला दिसतात ते याच कारणाने.

समुद्रात यांचे काम मोठे आहे. प्रवाळद्वीपे कशी बनतात याबद्दलचा डार्विनचा सिद्धान्त तपासण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात पॅसिफिकमधल्या फुनाफुटी बेटावर मोहिमा पाठवल्या. त्यांनी तीनशे मीटरांहून खोल छिद्र पाडले. १९०४ साली अहवाल आला तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. प्रवाळबेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बेटाच्या बांधकामात महत्त्वाच्या क्रमाने पहिला नंबर कोरलाइन शैवालांचा लावला होता. प्रवाळ चौथ्या क्रमांकावर. घरबांधणीच्या भाषेत सांगायचे तर प्रवाळ म्हणजे विटा आणि कोरलाइन शैवाल म्हणजे विटा सांधणारा चुना. शिवाय प्रवाळांची पोहणारी पिल्ले बूड टेकायला जागा शोधतात तेव्हा कित्येक जातींची पिल्ले या गुलाबी थराचा रासायनिक इशारा ओळखूनच तिथे बसतात.

आपल्या राज्यातही हा अभ्यास झाला आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात कच्छ आणि द्वारका भागातल्या चुनखडकांमधील जीवाश्म कोरलाइन शैवालांवर काम झाले. चुन्याचे कवच असल्यामुळे ही शैवाले खडकात चांगली टिकून राहतात. मऊ शेवाळाच्या नशिबी हे नसते.

आधी काय संपते?

आता मित्राच्या प्रश्नाकडे वळू. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमध्ये सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे शंभर लिटरच्या पेटीत ४१ ग्रॅम. ही काही थोडीथोडकी पुंजी नाही. पण चुनखडी बनवायला नुसते कॅल्शियम पुरत नाही, कार्बोनेटही लागते, आणि ते मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात असते. त्याचे माप म्हणजे पाण्याची क्षारता, अल्कलिनिटी. समुद्राच्या पाण्यात ती लिटरला सुमारे २.३ मिलिइक्विव्हॅलन्ट, म्हणून शंभर लिटरमध्ये २३० मिलिइक्विव्हॅलन्ट.

समजा, पेटीत तळहाताएवढ्या जागेवर, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरवर, एक मिलिमीटर जाडीचा गुलाबी थर वाढला. त्याचे घनफळ १० घन सेंटिमीटर. थर सच्छिद्र असतो, म्हणून त्यात १५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरू. ते झाले ०.१५ मोल. यासाठी कॅल्शियम लागले ०.१५ गुणिले ४०, म्हणजे ६ ग्रॅम. ४१ ग्रॅमांतले ६ गेले, ३५ उरले. फारसे बिघडले नाही. आता क्षारता पाहा. कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रत्येक मोलमागे दोन इक्विव्हॅलन्ट क्षारता खर्च होते. म्हणजे लागले ३०० मिलिइक्विव्हॅलन्ट. आणि पेटीत होते सगळे मिळून २३०!

हे गणित मुलांना फळ्यावर करू द्यावे. 'अभिक्रियेत आधी कोण संपते' हा धडा आपण एरवी मॅग्नेशियमची फीत आणि आम्ल घेऊन शिकवतो. इथे तो जिवंत पेटीत दिसतो. क्षारता प्रत्यक्षात शून्यावर जात नाही, त्याच्या कितीतरी आधीच शैवाल वाढायचे थांबते. कॅल्शियमची चाचणी मात्र 'सगळे ठीक' असेच सांगत राहते. मित्राच्या पेटीचे नेमके हेच झाले होते. तळाशी ठेवलेले शंख-शिंपले आणि चिकटून वाढणारे नळीकृमी आपापली कवचे बांधत होते आणि बायकार्बोनेट खात होते. अशा पेटीत कॅल्शियम क्लोराइड टाकणे म्हणजे सिमेंट संपलेल्या बांधकामावर आणखी एक ट्रक वाळू ओतणे.

क्षारता मोजायला बाजारातले महागडे संच लागत नाहीत. पन्नास मिलिलिटर पेटीतले पाणी घ्या, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून एन/५० तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. पिवळा रंग जाऊन नारिंगी-गुलाबी छटा येईपर्यंत समुद्राच्या चांगल्या पाण्याला सुमारे पावणेसहा मिलिलिटर आम्ल लागते. मित्राच्या पेटीचे वाचन पावणेचारच्या आसपास आले. म्हणजे क्षारता दीडवर उतरली होती. कॅल्शियम मोजायचे तर ईडीटीए आहेच. फक्त या पाण्यात लिटरला जवळजवळ १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते आणि ते मध्ये येते. म्हणून नमुना आधी ऊर्ध्वपातित पाण्याने विरल करून कॉस्टिक सोड्याने पीएच बारापलीकडे न्यावा लागतो, म्हणजे मॅग्नेशियम साक्यात बसते. मग म्युरेक्साइड दर्शक वापरायचा. बारावीच्या मुलांना हे जमते.

मॅग्नेशियमचे आणखी एक काम आहे, आणि ते मला फार सुंदर वाटते. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट संपृक्ततेच्या मर्यादेपेक्षा जास्त असते. मग समुद्र आपोआप दुधाळ का होत नाही? त्याचे एक महत्त्वाचे कारण मॅग्नेशियम. कॅल्साइटचा स्फटिक वाढू लागला की मॅग्नेशियमचे आयन त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि पुढची रचना अडवतात. घरी मिसळलेल्या पाण्यात मॅग्नेशियम कमी पडले तर चुना शैवालाला मिळण्याऐवजी हीटरच्या नळीवर पांढरा थर होऊन बसतो, गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच. शैवालाने या अडचणीवर आपला तोडगा काढला आहे: मॅग्नेशियमसकटच कॅल्साइट बांधायचे. त्याच्या कवचात कॅल्शियमच्या जागी शेकडा दहा-वीसपर्यंतही मॅग्नेशियम असू शकते. मात्र अशा कवचाची विद्राव्यता जास्त असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

चुन्याची निवळी

मग करायचे काय? उत्तर आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, आणि पानाच्या तबकातही आहे. चुन्याची निवळी! युरोपातल्या समुद्री पेट्यांच्या हौशी लोकांत ती पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात रूढ केली.

निवळीत नळीने फुंकण्याचा प्रयोग आपण सगळेच करून दाखवतो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते. बहुतेक ठिकाणी प्रयोग इथेच थांबतो. तो थांबवू नका. फुंकत राहायला सांगा. पाच-दहा मिनिटांनी दुधाळपणा कमी होऊन पाणी पुन्हा नितळ होऊ लागते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचे आता विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट झालेले असते. (निवळी निम्मी पातळ करून घेतली तर मुलांचे गाल कमी दुखतात.) हे नितळ पाणी म्हणजेच कोरलाइन शैवालाचे अन्न: कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, तेही चुनखडी बनायला हव्या असलेल्या नेमक्या प्रमाणात. पेटीत थेंब थेंब निवळी सोडली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड तिच्याशी संयोग पावतो आणि हेच घडते. मग शैवाल उलटी क्रिया करते. प्रकाशसंश्लेषणासाठी ते कार्बन डायऑक्साइड काढून घेते आणि बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होऊन पेशीभित्तीत बसते. आपण नळीने फुंकून जे केले ते शैवालाने उलटे फिरवले.

प्रमाण किती? नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे १.६ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळते. त्यातून शंभर लिटरच्या पेटीत कॅल्शियम लिटरमागे साडेआठ मिलिग्रॅमांनी आणि क्षारता ०.४३ मिलिइक्विव्हॅलन्टने वाढते. एक लिटर निवळीतून दोन ग्रॅमांहून थोडी जास्त चुनखडी तयार होऊ शकते. उन्हाळ्यात उघड्या पेटीतून रोज लिटरभर पाणी सहज उडून जाते. मीठ मागे राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. ही भर निवळीच्या रूपाने घातली म्हणजे दोन्ही कामे होतात.

पद्धत सांगतो. पाव चमचा चांगल्या प्रतीचा चुना लिटरभर शुद्ध पाण्यात ढवळून बंद बाटलीत रात्रभर ठेवावा. सकाळी वरचे नितळ पाणी घ्यावे, तळाचा गाळ घेऊ नये. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीवर दुधावर यावी तशी साय धरते. ती साय म्हणजे वाया गेलेला चुना. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवा आणि हे काम मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. पेटीत ती भसकन ओतली तर पाणी पांढरे होते, पीएच उसळतो आणि मासे तडफडतात. दवाखान्यातल्या सलाईनची नवी नळी आणि तिची चाकाची चिमटी यासाठी फार उपयोगी पडते: सेकंदाला एखादा थेंब, आणि तोही शक्यतो रात्री. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते, श्वसन चालू असते, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो. निवळीला तेव्हाच पाण्यात जागा असते.

क्षारता एकदम बरीच उतरलेली असेल तर ती निवळीने भरून यायला फार दिवस लागतात. तिथे खाण्याचा सोडा थोडा थोडा, दोन-तीन दिवसांत विभागून द्यावा. शंभर लिटरला एक इक्विव्हॅलन्टचा दहावा भाग, म्हणजे ८.४ ग्रॅम सोडा, क्षारता लिटरमागे एक मिलिइक्विव्हॅलन्टने वाढवतो. बेकिंग पावडर नव्हे, सोडाच. बेकिंग पावडरमध्ये फॉस्फेट असू शकते, आणि फॉस्फेटचे काय होते ते पुढे येतेच आहे.

अर्धी गोणी

आता त्या गोणीबद्दल. हिशोबच करायचा तर दहा ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइडने शंभर लिटरमधले कॅल्शियम लिटरमागे ३६ मिलिग्रॅमांनी वाढते. कधी खरोखर कॅल्शियम कमी पडलेच तर दोन-तीन चमचे पुरतात. अर्धी गोणी शाळेला दोन पिढ्या पुरेल. पण खरा मुद्दा प्रमाणाचा नाही, प्रतीचा आहे. कारखान्यात वापरायचे रसायन टेक्निकल ग्रेडचे असते. कॅल्शियम क्लोराइड अनेकदा उपउत्पादन म्हणून बनते. क्लोरिनेशनच्या प्रक्रियेतून बाहेर पडलेले हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडीने उदासीन केले की ते मिळते. त्या आम्लाबरोबर मूळ प्रक्रियेतले सेंद्रिय अंशही येऊ शकतात. रस्त्यावरची धूळ बसवायला किंवा शीतयंत्रणेतल्या खाऱ्या द्रावणाला त्याने काही बिघडत नाही. पेटीतल्या गोगलगायीचे बिघडते. गोणीवरच्या लेबलवर ९४ टक्के शुद्ध लिहिलेले असते तेव्हा मुलांना विचारावे: उरलेले ६ टक्के काय? एमआयडीसीच्या कुशीत वाढणाऱ्या मुलांना टेक्निकल, एलआर आणि एआर या तीन ग्रेडमधला फरक पाठ्यपुस्तकात नसला तरी माहीत असायला हवा, कारण उद्या त्यातलीच काही मुले हीच पोती हाताळणार आहेत.

पाण्याच्या बाबतीत मात्र कारखान्यांचा शेजार कामाला येतो. या पट्ट्यात नळाला येणारे पाणी उल्हास नदीवरच्या बदलापूरच्या बंधाऱ्याचे किंवा एमआयडीसीच्या बारवी धरणाचे. ते माणसाला पिण्यायोग्य केलेले असते, म्हणजे त्यात क्लोरीन असते. आणि पितळी तोटी, तांब्याचे भांडे अशा वाटेने तांबेही येऊ शकते. तांबे आपल्याला सोसते, पण कवचधारी जीवांना त्याचा अंशही घातक ठरतो. बॉयलरसाठी आणि औषधांसाठी कारखान्यांत डीएम पाण्याचे संच असतात. माजी विद्यार्थ्याने गोणीऐवजी पंचवीस लिटर डीएम पाण्याचा, खाण्यापिण्याच्या वापराचा स्वच्छ कॅन आणावा, असे मी मित्राला सुचवले. तेही नसेल तर बॅटरीत घालायचे पाणी आहेच. फक्त ते महाग पडते.

अडथळा आणणारे फॉस्फेट

क्षारता सुधारूनही डाग येत नसेल तर संशय फॉस्फेटवर घ्यावा. माशांच्या खाद्यातून ते रोज पेटीत पडते. फॉस्फेटचे आयन चुनखडीच्या वाढत्या स्फटिकावर बसून त्याची वाढ रोखतात आणि त्याच वेळी हिरव्या शेवाळाला खत पुरवतात; असा दुहेरी मार बसतो. १९७९ साली किन्सी आणि डेव्हिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या वन ट्री बेटावरच्या प्रवाळखडकाला नत्र आणि फॉस्फरसचे खत घातल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: तिथली चुनखडीची निर्मिती निम्म्याहून घटली होती. १९९५ साली झांझिबारच्या किनाऱ्यावरच्या पाहणीत दिसले की शहराच्या सांडपाण्याच्या जवळ जावे तसे कोरलाइन शैवालाचे आच्छादन कमी होत जाते. उल्हासनगर आणि अंबरनाथचे सांडपाणी वालधुनीतून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि पुढे खाडीवाटे समुद्रात जाते. मुलांनी अमोनियम मॉलिब्डेटची निळ्या रंगाची चाचणी पेटीतल्या पाण्यावर केली तर शेजारच्या परीक्षानळीत वालधुनीचे पाणी घ्यायला हरकत नाही. हातमोजे मात्र हवेत.

फॉस्फेट कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे कमी मासे आणि कमी खाद्य. दुसरा मार्ग वॉल्टर अॅडी यांचा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले हे शास्त्रज्ञ मूळचे कोरलाइन शैवालांचे अभ्यासक. १९८०च्या सुमारास त्यांनी तिथल्या संग्रहालयात जिवंत प्रवाळखडकाची पेटी उभी केली. पाण्यातले नत्र आणि फॉस्फरस काढायला त्यांनी जाळीवर मुद्दाम हिरवे शेवाळ वाढवले. ते ठरावीक दिवसांनी खरवडून फेकायचे. जे शेवाळ पेटीत नको तेच बाजूच्या ट्रेमध्ये उगवू द्यायचे. विचार किती साधा! आणि पेटीच्या आत जे उगवेल ते खायला दोन-तीन समुद्री गोगलगायी ठेवाव्यात. कोरलाइन शैवाल आपला वरचा पेशींचा थर अधूनमधून सोडून देते, त्यामुळे गोगलगायीच्या खरवडण्याने त्याचे नुकसान होत नाही, उलट त्याच्यावर बसलेले बांडगुळी शेवाळ निघून जाते.

उन्हाळ्याचे काय हा अंबरनाथ-बदलापूरकरांचा रास्त प्रश्न. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पेटीला तर २६ ते २८ अंश हवेत. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा पुरेसा होतो. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेते. बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरले तर शंभर लिटर पाणी तेवढ्याने जवळजवळ सहा अंशांनी थंड होईल. माठाचेच तत्त्व हे. पावसाळ्यात मात्र हवा दमट असल्याने पाणी उडत नाही, मग निवळीलाही जागा उरत नाही. आणि खिडक्या बंद असलेल्या भरल्या वर्गात कार्बन डायऑक्साइड वाढून पेटीचा पीएच उतरतो. पन्नास मुलांचा तास झाल्यावर पीएच पाहा आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाहा. फरक दिसला तर त्याचा आलेख काढायला लावा.

मोठ्या पेटीत

हाच प्रयोग सगळ्या जगावर चालू आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे २८० भाग होता, आता तो ४२०च्या पुढे गेला आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच ८.२ वरून ८.१ वर आला. एक दशांशाने काय होते, असे मुले विचारतात. पीएच लॉगरिथमवर असतो, म्हणून या दशांशाचा अर्थ हायड्रोजन आयन सुमारे एक चतुर्थांशाने वाढले. फुंकताना निवळी आधी दुधाळ आणि मग नितळ झाली होती. समुद्र त्या दुसऱ्या टप्प्याकडे हळूहळू ढकलला जातो आहे. मॅग्नेशियमयुक्त कवच अधिक विद्राव्य असते हे वर म्हटलेच आहे, म्हणून पहिला फटका कोरलाइन शैवालांना बसतो. हवाई बेटांवर कुफनर आणि सहकाऱ्यांनी खुल्या टाक्यांत आम्लता वाढवून पाहिली तेव्हा त्यांचे नव्या पृष्ठभागांवरचे आच्छादन ९२ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इटलीतल्या इस्किया बेटाजवळचे निरीक्षण आले: समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी वर येतो तिथे, पीएच सर्वांत कमी असलेल्या भागातून, ही शैवाले नाहीशी झाली होती.

बीज कुठून आणायचे?

नव्या पेटीत सगळे ठीक असूनही शैवाल येत नाही, कारण त्याचे बीजाणू कुठून तरी यावे लागतात. कोरडे मीठ विरघळवून केलेल्या पाण्यात ते नसतात. इथे कायद्याची गोष्ट सांगणे भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ आहेत. वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळाचा तुकडा विकणे, विकत घेणे, बाळगणे हा गुन्हा आहे, मग दुकानदार त्याला 'जिवंत दगड' म्हणो की आणखी काही. जिवंत दगडाची कल्पना तशी जुनी. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली ती लिहून प्रसिद्ध केली. पण आपल्याकडच्या शाळेने या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या कोणाच्या चालत्या पेटीतली, गुलाबी डाग असलेली गोगलगाय किंवा पंपाचे झाकण मिळवावे. ब्लेडने खरवडलेले दोन चिमटी पापुद्रे पंपाच्या प्रवाहात सोडले तरी चालते. कडक, खडबडीत जागा आणि वाहते पाणी मिळाले की एक ते तीन महिन्यांत ठिपके दिसू लागतात. त्यानंतरची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर.

समुद्रात ते पाहायचे असेल तर कोकणात जावे. प्रवाळ अगदी मुंबईतही आहेत. वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळवसाहती सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० साली हलवाव्या लागल्या होत्या. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे, तिथे ते विपुल आहेत. पण ते पाणबुड्यांनाच दिसणार. आपल्यासाठी मालवण-रत्नागिरीकडची खडकांतली डबकी बरी. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या एक-दोन दिवसांनंतरची मोठी ओहोटी धरावी, हिवाळ्यात जावे, कारण पावसाळ्यात पाणी गढूळ असते. कातळाच्या सावलीतल्या डबक्यात, पाणी कायम राहते त्या पातळीखाली, कोणीतरी गुलाबी डिस्टेंपर सांडल्यासारखा थर दिसेल. खात्री करायला नख पुरे. तुकडा काढू नये. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच डबक्यातले पन्नास मिलिलिटर पाणी मात्र बाटलीत भरून आणावे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मिथिल ऑरेंज टाकून पाहावे. पेटीच्या वाचनाशेजारी ते वाचन लिहून ठेवायचे. आंब्यासाठी मित्राची शाळा दरवर्षी देवगडला सहल नेतेच; या वर्षी ब्युरेट आणि आम्लाची बाटलीही बरोबर जाणार आहे.